तावानाई-सान

सगळा दोष त्या कुर्त्याचा आहे. पुण्यात एका प्रदर्शनात घेतला होता, गेरूच्या रंगाचा, आणि त्यावर पांढऱ्या रंगात वारली माणसं हात धरून गोल नाचतायत. तो घालून मी टोकियोत, आमच्या एदोगावा वॉर्डातल्या मेळ्यात भेळेच्या स्टॉलवर उभी राहिले. वॉर्डाच्या ग्रंथालयातल्या एक बाई आल्या, भेळ अगदी नम्रपणे नाकारली आणि कुर्त्याकडे हात करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, वारली. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. जपानमध्ये कोणी आपलं बोलणं वहीत लिहून घेतलं की समजावं, आता सुटका नाही.

महिन्याभरात मेल आला. भारतातल्या आदिवासींची चित्रं, गोष्टी आणि ज्ञान यांवर ग्रंथालयात कार्यक्रमांची मालिका करायचं ठरलं होतं आणि तज्ज्ञ म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. तज्ज्ञ म्हणे! मी कोथरूडची. वारल्यांशी माझा संबंध एवढाच, की शाळेची सहल डहाणूला गेली होती आणि तिथे मी चिकू खाऊन आजारी पडले होते. सरळ लिहायला हवं होतं की मला यातलं काही माहीत नाही. पण 'माहीत नाही' हे शब्द आमच्या घराण्यात कोणाच्या तोंडून निघालेले मी तरी ऐकलेले नाहीत. माझे वडील रस्ता माहीत नसला तरी लोकांना पत्ता सांगायचे, तोही हातवारे करून. नवरा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "हो म्हण. तू कुठे अडणारेस?" हे कौतुक नव्हतं, पण मी कौतुक म्हणून घेतलं आणि होकार कळवून टाकला.

पहिला कार्यक्रम चित्रांचा होता. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, असं मी फळ्यावर काढून दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी हात वर करून विचारलं की त्रिकोणाचा कोन किती अंशांचा. आता हे कोणी कधी मोजलंय का? पण मी ठणकावून सांगितलं, साठ. का साठ, देव जाणे. गृहस्थांनी दप्तरातून कोनमापक काढला आणि शेजाऱ्यांनाही दिला. दीड तासानंतर त्या खोलीत पन्नासेक माणसं नाचत होती आणि सगळी साठ अंशांची होती. सैन्याची कवायत चालल्यासारखी दिसत होती. ग्रंथालयवाल्या बाई म्हणाल्या, फारच शास्त्रशुद्ध झालं.

त्याच दिवशी सेन्सेई मला भेटल्या. सेन्सेई म्हणजे शिक्षक; सगळे त्यांना तेवढंच म्हणायचे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची, आणि हातात कापडाची गाठ मारून बांधलेली पत्र्याची पेटी. त्या सेंदाईच्या विद्यापीठात शिकत असताना एका सुगीपुरत्या डहाणूकडच्या एका पाड्यावर जाऊन राहिल्या होत्या. पुस्तकावरून थोडं मराठी शिकून गेल्या होत्या आणि बरोबर टेपरेकॉर्डर होता. पेटीत त्या वेळच्या कॅसेट होत्या. लग्नात देवाधर्माची गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या बायकांना वारली लोक धवलेरी म्हणतात, हे मला सेन्सेईंनी सांगितलं. तज्ज्ञ मी होते.

पेटी आता ओसाकाच्या एका संग्रहालयाकडे जाणार होती. सेन्सेईंची नजर अधू झाली होती, घर आवरायला काढलं होतं, आणि महिनाअखेर पेटी न्यायला माणूस येणार होता. संग्रहालयाचा नियम कडक होता. गाणाऱ्याची किंवा तिच्या घरच्यांची लेखी परवानगी असेल तरच कॅसेट लोकांना ऐकवता येईल. नसेल तर ती बंद कपाटात जाणार आणि तिथेच राहणार. सेन्सेईंना त्यातलं एक लग्नाचं गाणं आमच्या शेवटच्या कार्यक्रमात वाजवायचं होतं, आणि परवानगीचा कागद जोडूनच पेटी द्यायची होती. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, कपाटात राहिलं तरी काय बिघडलं? त्या जरा वेळ पेटीवरची गाठ चाचपत बसल्या.

"एकदा मी त्या गाणाऱ्या बाईला तिथे सोडून आले," त्या म्हणाल्या. "कपाटात ठेवली तर दुसऱ्यांदा सोडल्यासारखं होईल."

मग त्यांनी मला कार्ड दाखवलं. प्रत्येक कॅसेटला एक कार्ड, त्यावर पाड्याचं नाव, ऋतू, आणि 'गायिका' या चौकटीत जपानी अक्षरांत लिहिलेलं: तावानाई. सेन्सेई म्हणाल्या की या नावाचा अर्थ त्यांना आयुष्यभर कळला नाही, मला ठाऊक असेल का? झालं. माझी जीभ माझ्या आधी निघाली. मी सांगितलं, अहो, आमच्याकडे देवींची नावं अशीच असतात, तुकाई, येमाई, जाखाई. तावानाई त्यातलीच. ताव म्हणजे धग, आणि आई म्हणजे आई. अग्निमाता. सेन्सेईंचे डोळे भरून आले. दर नव्या वर्षाला त्या तावानाई-सानच्या, म्हणजे तावानाईबाईंच्या, नावाने पाड्यावर शुभेच्छांचं कार्ड पाठवत होत्या, एकही वर्ष चुकलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा कळलं की कोणाला पाठवत होत्या. मलासुद्धा गहिवरून आलं. आपण बनवलेल्या गोष्टीने आपणच गहिवरायचं, यालाही अंगात कला लागते.

आठवड्यात पोस्टर छापून आलं. मोठ्या अक्षरांत 'अग्निमातेचं नाव धारण करणाऱ्या गायिकेचा आवाज' आणि खाली साठ अंशांची माणसं. स्टेशनात, शाळांत, कोम्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या किरकोळ दुकानाच्या, दारावर सुद्धा लागलं. नवऱ्याने वाचलं आणि तेव्हापासून घरात मला अग्निमाता म्हणायला सुरुवात केली. अग्निमाते, गॅस बंद केलास का.

मला गाण्याचे शब्द उतरवून काढायचे होते. माझी समजूत अशी की वारली म्हणजे आपलं मराठीच, फक्त जरा गावाकडचं. हेडफोन लावून दहा मिनिटं ऐकलं आणि माज उतरला. मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि पुढचे वीस डोक्यावरून जायचे. बायका मात्र काय गात होत्या! एक ओळ उचलायची, बाकीच्या ती झेलायच्या, कुठे घाई नाही. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत होते. एरवी गाणं संपलं की मी बंद करायचे. त्या दिवशी दोन्ही हातांत चादर होती म्हणून टेप पुढे चालू राहिली.

थोडी खरखर झाली. मग एका तरुण मुलीचा आवाज आला, सेन्सेईंचा, पुस्तकी मराठीत, प्रत्येक अक्षर तोलून: "हे कोणाचे गाणे?" त्यांना विचारायचं होतं की कोण गातंय. जपानीत तसं विचारलं तर चालून जातं. पण बायकांनी मराठीत ऐकलं, की हे गाणं कोणी रचलं. त्या आपसात काहीतरी कुजबुजल्या, कोणीतरी हसलं, आणि एक आवाज स्पष्ट म्हणाला, "ठावं नाय."

मी चादर खाली ठेवली. रिवाइंड केलं. ठावं नाय. माझी मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. ती दहा वर्षांची, मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते. मी हेडफोन तिच्या कानाला लावला आणि विचारलं, काय ऐकू येतंय? तिने एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "शिरानाई." म्हणजे, माहीत नाही. मग तिलाच गंमत वाटली. तावानाई, शिरानाई, तावानाई, शिरानाई, असं ती घरभर गात फिरली. मी पलंगावर बसून राहिले. ज्या बाईने साधं 'माहीत नाही' म्हणून सांगितलं आणि सेन्सेईंनी ते नाव समजून कार्डावर लिहिलं, तिची मी अग्निमाता करून ठेवली होती, आणि ते आता स्टेशनात लागलं होतं.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. खरं सांगते, गप्प बसावं असंही मनात येऊन गेलं. कोणाला कळणार होतं? पण परवानगीच्या कागदावर नाव हवं होतं, आणि 'माहीत नाही' या बाईची परवानगी आणायची कुठून? तिसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि सेन्सेईंकडे गेले. त्यांच्या घरात खोकीच खोकी. गुडघे टेकून बसले आणि सगळं सांगितलं, तुकाई-येमाईसकट. मला वाटलं होतं त्या रागावतील. जपानी माणूस रागावला की आणखी नम्र होतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते.  पण त्यांच्या तोंडून एकदम हसू फुटलं, खोकला येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे मी इतकी वर्षं 'माहीत नाही'ला नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते," त्या म्हणाल्या. आणि हसता हसताच रडायला लागल्या. पेटी जायला तेव्हा अकरा दिवस होते.

ग्रंथालयाने पोस्टरं उतरवली नाहीत. तशी पद्धत नाही. बैठक झाली, आणि चौघांनी मिळून प्रत्येक पोस्टरवर त्या ओळीच्या मापाची पांढरी चिठ्ठी चिकटवली: 'गायिकेचं नाव शोधण्याचं काम चालू आहे. चुकीबद्दल मनःपूर्वक क्षमस्व.' चूक कोणाची, हे कुठे लिहिलं नव्हतं. मी सुद्धा चिकटवायला बसले आणि माझ्या दोन चिठ्ठ्या तिरक्या गेल्या. त्या बाईंनी काही न बोलता काढून पुन्हा सरळ लावल्या.

शोधायचं काम माझ्याकडे आलं, आणि या खेपेला मी ते गुमान केलं. कार्डावरच्या पाड्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा शोधून काढली, डझनभर फोन केले, आणि शेवटी तिथल्या एक शिक्षिका मिळाल्या. त्या स्वतः वारली, शेजारच्याच पाड्यावरच्या. मी जपानहून बोलतेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, ती जनावरांची कार्डं तुम्हीच पाठवता का?"

झालं होतं असं, की तावानाई नावाचं पाड्यावर कोणीच नसल्याने पोस्टमन दरवर्षी ते कार्ड शाळेत टाकून जायचा. जपानमध्ये नव्या वर्षाच्या कार्डावर त्या त्या वर्षाचा प्राणी असतो. वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा. शाळेने ती सगळी भिंतीला लावली होती आणि पहिलीतली मुलं त्यावरून प्राणी शिकत होती. ड्रॅगनला काय म्हणायचं यावर मतभेद होते. मी हे सेन्सेईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, भिंतीवर ऊन येतं का? रंग उडतील.

शिक्षिकाबाईंना मी गाण्याचा छोटा तुकडा फोनवर पाठवला. त्या तो घेऊन पाड्यावर फिरल्या, आणि दोन दिवसांनी निरोप आला: सापडली. एक म्हातारी ऐकता ऐकता म्हणाली, हा माझा आवाज.

व्हिडिओ कॉल ठरला तो ग्रंथालयाच्या बैठकीच्या खोलीत, आमच्या दुपारी तीनला. त्याच संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम होता आणि दुसऱ्या दिवशी पेटी जाणार होती. सेन्सेई काळा सूट घालून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. ग्रंथालयवाल्या बाई परवानगीचा कागद घेऊन तयार. फोन टिश्यूच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर आधी कौलं दिसली, मग एक कोंबडी, आणि मग कान. म्हातारीने फोन नेहमीसारखा कानाला लावला होता. पलीकडून शिक्षिकाबाई सांगत होत्या, आजी, समोर धर. आजी काही ऐकेना. सेन्सेई उठल्या आणि त्या कानाला कमरेतून वाकून नमस्कार केला.

मग त्यांनी माफी मागितली. जपानी माफी म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांनाच कळेल. चार मिनिटं चालली. मी त्याचं मराठी केलं, चार वाक्यांत. शिक्षिकाबाईंनी त्याचं वारली केलं, चार शब्दांत. आजी त्यावर भरपूर बोलल्या, हसल्या, मध्ये कोणाला तरी हाकललं, बहुतेक कोंबडीला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, बरं."

ग्रंथालयवाल्या बाईंनी हळूच विचारलं की शिक्षिकाबाईंकडच्या प्रतीवर सहीऐवजी अंगठा चालेल असं सांगायचं का. मी सांगितलं. ते पलीकडे पोचलं आणि आजी तडकल्या. अंगठा कशाला, सही येते मला. मग मी कागदावरचं विचारायला घेतलं: नाव काय, आणि गाणं लोकांना ऐकवायला त्यांची परवानगी आहे का. आजी या वेळी हसल्या नाहीत. शिक्षिकाबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "त्या म्हणतात, मी एकटी कसं सांगू? हे एकटीने म्हणायचं गाणं नाही. आम्ही तिघी होतो. त्या दोघींना विचारा."

मी विचारलं, त्या दोघी कुठे असतात? शिक्षिकाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या की एक तेव्हाच गेली, टेप केली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. दुसरी करोनाच्या आधी.

 कागदावर नावाची चौकट एकच होती, ग्रंथालयवाल्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला एरवी सगळ्यावर उत्तर सुचतं. तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचं मला बरं वाटलं. सेन्सेई मान खाली घालून बसल्या होत्या. मग त्यांनी मला विचारलं, की आजींनी हे गाणं कधी पुरतं ऐकलंय का, विचाराल? मी विचारलं. नव्हतं ऐकलं. टेप केलं त्या रात्री वाजवून दाखवायला बॅटरी उरली नव्हती आणि सेन्सेई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेल्या होत्या. परवा शिक्षिकाबाईंच्या फोनवर जेवढा तुकडा ऐकला तेवढाच.

सेन्सेईंनी पेटी उघडली. जुना कॅसेट प्लेअर फोनशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. एका बाईने ओळ उचलली, दोघींनी झेलली. मी ते गाणं शंभर वेळा ऐकलं होतं, पण तीन आवाज आहेत हे मला तेव्हा कळलं. माझ्या कानाला तो एकच वाटत होता. पडद्यावरचा कान हलला, आणि फोन पहिल्यांदा समोर आला. वाळलेला, काळासावळा चेहरा, डोळे बारीक करून आमच्या पलीकडे कुठेतरी बघणारा. ओठ हलत होते. मध्येच त्या कोणाला तरी रागावल्या आणि लगेच हसल्या. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "त्या तिला सांगतायत, तुला कायम घाई."

गाणं संपलं. सेन्सेईंनी टेप थांबवली नाही, नुसती खरखर चालू राहिली. आजींनी पदराने तोंड पुसलं आणि शिक्षिकाबाईंची वाट न बघता सरळ आमच्याशी बोलल्या.

"आता तिघी झालो. आता इचार."

मी जपानी करायला वळले. सेन्सेईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना समजलं होतं. त्या फोनच्या जवळ सरकल्या, आणि इतक्या वर्षांनी, पुस्तकावरून शिकलेल्या त्या मराठीत, एकेक अक्षर तोलून त्यांनी विचारलं, "हे गाणे लोकांना ऐकवू का?"

"ऐकव," आजी म्हणाल्या.

"आपले नाव काय?" सेन्सेईंनी विचारलं. मग त्या अडखळल्या, डोळे मिटून काहीतरी आठवलं, आणि चूक दुरुस्त केली. "आपली नावे काय?"

आजींनी आधी पहिल्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, मग दुसरीचं. सेन्सेईंनी ती पेन्सिलीने त्या एका चौकटीत एकाखाली एक लिहिली, आणि खाली अजून एका ओळीची जागा ठेवून वर बघितलं. स्वतःचं नाव आजींनी सगळ्यात शेवटी सांगितलं.